काठीच्या सावलीवरून अक्षांश अर्धा अंश कमी का येतोय?

गच्चीकर: ठिकाण पुणे, 23 सप्टेंबर, म्हणजे विषुवदिन. गच्चीवर 100 सेंमीची काठी गुण्या लावून फरशीशी काटकोनात उभी केली. सर्वांत आखूड सावली 32.5 सेंमी, म्हणजे सूर्य माथ्यापासून 18.0 अंश कललेला; विषुवदिनी हाच कोन म्हणजे अक्षांश. हवा होता 18.5. या हिशेबाने पुणे पार वाईला जाऊन बसलं! मोबाईल हा आकडा क्षणात देतो, ठाऊक आहे. परीक्षा नाही, प्रकल्प नाही. काठी आणि सूर्य एवढ्यावर तो काढता यावा, इतकंच. चूक कुठे असेल?

ओळंबा: गुण्यातच. पावसाचं पाणी वाहून जावं म्हणून गच्चीला उतार देतात, मीटरला साधारण 1 सेंमी. उतार दक्षिणेकडे असेल तर फरशीशी काटकोनात असलेल्या काठीचा शेंडाही तितकाच दक्षिणेला झुकतो आणि सावली 1 सेंमी आखूड पडते. तेवढ्याने अर्धा अंश, म्हणजे 55 किलोमीटर गेले. शेंड्यावरून ओळंबा सोडा, तो जिथे टेकेल तिथून सावली मोजा. मग फरशी उतरती असली तरी जेमतेम 1 मिलिमीटरचा फरक राहतो.

शंकू: उतार कमी निघाला, तर उरलेला अर्धा सेंमी सावलीच्या कडेत आहे. सूर्य म्हणजे ठिपका नव्हे, अर्ध्या अंशाची चकती. त्यामुळे सावलीचं टोक सुमारे 1 सेंमीभर फिकट होत जातं आणि आपण गडद भाग संपतो तिथेच खूण करतो. पुठ्ठ्याला 3 मिमीचं भोक पाडून तो शेंड्यावर आडवा बसवा. खाली सूर्याचा गोल कवडसा पडेल, त्याचा मध्य धरा. उंची आणि ओळंबा दोन्ही भोकापासून.

पुण्यात या दिवसांत मध्यान्ह 12:27 च्या सुमारास होते, 12 ला नाही. पण घड्याळावर विसंबूच नका. 12:05 ते 12:50 दर पाच मिनिटांनी खूण करा. विषुवदिनी या खुणा एका सरळ पूर्व-पश्चिम रेषेत येतात (हे बघण्यासाठी तरी करून पाहाच). ओळंब्याच्या बिंदूपासून त्या रेषेवर टाकलेला लंब हीच मध्यान्हीची सावली, 33.5 सेंमीच्या आसपास. 12 अंगुळांच्या शंकूला, म्हणजे उभ्या काठीला, हीच सावली 4 अंगुळं पडते. या सावलीलाच पुण्याची पलभा म्हणतात.

गच्चीकर: उतार दक्षिणेकडेच आहे! आता मार्चपर्यंत थांबायचं का?

ओळंबा: कशाला? सावलीवरून आलेल्या कोनातून त्या दिवसाची सूर्याची दक्षिण क्रांती, म्हणजे सूर्य विषुववृत्ताच्या किती अंश दक्षिणेला आहे तो आकडा, वजा करा. 10 ऑक्टोबरला ती साडेसहा अंशांच्या जरा वर असते, तेव्हा सावली 47 सेंमीच्या आसपास यायला हवी. क्रांती त्याच तारखेची घ्या, या दिवसांत ती रोज जवळपास 0.4 अंशाने सरकते.