प्रतिस्पर्धी महाविद्यालयाच्या कबड्डी संघाचे आकडे

प्रश्न (रत्नागिरी): पुढच्या सामन्यातील प्रतिस्पर्धी संघाच्या गुणपत्रिका हाती आल्या असून चढाईत ते फार भारी दिसतात. त्यांची कच्ची बाजू कुठे शोधावी?

उत्तर (चिपळूण): एकूण गुणांवर विसंबू नका. बोनस गुण (बोनस रेषा ओलांडल्याचा) समोर किमान 6 खेळाडू असतानाच मिळतो, त्यामुळे बोनस वगळून गडी बाद केल्याचे गुण मोजा. मग तिसऱ्या चढाया पाहा; सलग दोन निष्फळ गेल्यावर गुण न घेणारा चढाईपटू बाद होतो आणि कोण गडबडतो ते तिथेच कळते.

उत्तर (मालवण): त्यांच्या अव्वल पकडीही तपासा. 3 किंवा त्याहून कमी खेळाडू उरल्यावरच्या पकडीचे 2 गुण मिळतात. त्या जास्त असतील तर पकड चांगली आहे खरी, पण संघ वारंवार लोणाच्या (सगळे खेळाडू बाद होण्याच्या) तोंडाशी येतो, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. आज रात्रीच बोनस वेगळे काढतो.