खड्ड्यामुळे अपघात: रस्ता कुणाचा, भरपाई कुणाकडून?

कृष्णाकाठ
सांगलीच्या मनपा हद्दीच्या टोकाला रात्री दुचाकी खड्ड्यात आदळली. चालकाची नडगी मोडली, प्लेट बसवलीय. दुसरं वाहन मध्ये नव्हतं. ठाण्यात ‘स्वतःच्या चुकीने पडला’ अशी नोंद झालीय. खड्डा नंतर मुरूम टाकून बुजवला. मनपा म्हणते रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, खातं म्हणतं तो मनपाकडे वर्ग झालाय. दावा कुणावर लावायचा? क्लेम ट्रिब्युनल, म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, चालेल का?

मैलदगड
आधी माहिती अधिकाराचा अर्ज टाका, दोन्हीकडे वेगवेगळा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, उत्तराची मुदत ३० दिवस. मागायचं ते असं: रस्त्याचा क्रमांक व दर्जा, हस्तांतरणाचा आदेश आणि ताबा पावती, शेवटच्या डांबरीकरणाचा कार्यारंभ आदेश, ठेकेदाराचं नाव, दोष दायित्व कालावधी (ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्ती करायची मुदत) कधी संपतो ते. जागा किलोमीटर दगडाच्या हिशोबानं लिहा. ‘ढाब्याजवळ’ लिहिलंत तर ‘बोध होत नाही’ असं उत्तर येतं.
सगळ्यात कामाचा कागद म्हणजे तो मुरूम टाकल्याची मोजमाप पुस्तिकेतली, म्हणजे ज्या वहीतल्या मापावर कामाचं बिल निघतं तिच्यातली नोंद. ज्यानं त्याचं बिल काढलं, त्याला रस्ता आपला नाही म्हणणं जड जातं.

कोर्टकट्टा
उत्तराची वाट बघत बसू नका, दोघांनाही पक्षकार करा. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्डे आणि उघड्या मॅनहोलच्या अपघातांसाठी भरपाई ठरवून दिलीय: मृत्यूला ६ लाख, जखमीला इजेप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख. अर्ज समितीकडे. मनपा हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव. बांधकाम खात्याच्या रस्त्याला खात्याचे वरिष्ठ अधिकारी, पण सचिव तिथंही आहेतच. म्हणून एक प्रत विजयनगरला जिल्हा न्यायालयात सचिवांकडे द्याच आणि आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. रक्कम सहा ते आठ आठवड्यांत मिळायला हवी, नाहीतर अर्जाच्या तारखेपासून ९ टक्के व्याज. समिती हललीच नाही तर रिट, म्हणजे थेट उच्च न्यायालयात याचिका. आता उच्च न्यायालयाचं कोल्हापूर सर्किट बेंच आहे, मुंबईला जायला नको.
ही रक्कम घेतली म्हणून दिवाणी दावा बंद होत नाही. मात्र तिथं मुदती मारतात. मनपावर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ प्रमाणे आधी एक महिन्याची नोटीस आणि दावा सहा महिन्यांच्या आत. बांधकाम खात्यासाठी दावा शासनावर, त्याला दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० ची दोन महिन्यांची नोटीस. दावा किती काळात लावायचा यावर वाद होतो, म्हणून शासनासाठी एक वर्षच धरून चाला.

डांबरगोळी
मोटार वाहन कायद्याच्या १९८अ खाली एक लाख मिळतात, तेही मागा.

कोर्टकट्टा
नाही हो. तो सदोष रस्त्याबद्दल ठेकेदार किंवा रस्त्याच्या जबाबदार यंत्रणेला होणारा एक लाखापर्यंतचा दंड आहे, तो मोटार वाहन अपघात निधीत जमा होतो. जखमीच्या हातात त्यातला रुपया येत नाही.

पंचनामा
मुद्दा पोलीस नोंदीचा आहे. ‘स्वतःच्या चुकीने’ हे दोन शब्द समितीपुढं आणि कोर्टातही आडवे येणार. पुरवणी जबाब द्या, घटनास्थळ पंचनाम्यात खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली नाही हे लेखी कळवा, प्रत पोलीस अधीक्षकांना. खड्डा बुजला तरी मुरमाचा ठिगळ दिसतो. बाजूला टेप धरून, मागं किलोमीटर दगड येईल असा फोटो काढा. जवळच्या दुकानाचं सीसीटीव्ही आजच मागा, जुनं फुटेज आपोआप पुसलं जातं.
दवाखान्याच्या केसपेपरवर पहिली ओळ काय आहे ते बघा. आणणाऱ्यानं घाईत ‘गाडी घसरली’ सांगितलं की तेच डिस्चार्ज कार्डावर उतरतं. लायसन्स, हेल्मेट नसेल तर समोरचा वकील तिथंच बोट ठेवणार.

कृष्णाकाठ
लायसन्स, हेल्मेट दोन्ही होतं. ट्रिब्युनलचं काय?

कोर्टकट्टा
तिथं दावा समोरच्या वाहनाचा मालक आणि विमा कंपनीवर चालतो. तुमच्याकडे समोरचं वाहनच नाही. पॉलिसीत मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघाती कव्हर असेल तर बघा, पण ते मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाला. नुसत्या फ्रॅक्चरला नाही. आणि गाडी चालवणाऱ्याच्याच नावावर हवी.