माउस हलवला की स्पीकरमध्ये किरकिर

माउस हलवला की किरकिर आणि गेम सुरू केला की ती वाढते, या लक्षणांवरून लगेच नवीन साउंड कार्ड घेऊ नका. आधी स्पीकरची ३.५ मिमी पिन काँप्युटरमधून काढून मोबाइलला लावा, मात्र चार्जर न जोडता. आवाज स्वच्छ आला तर स्पीकर ठीक आहेत.

मग पिन कॅबिनेटच्या पुढच्या नव्हे, मागच्या हिरव्या जॅकला लावा. पुढच्या जॅकची वायर बरेचदा ग्राफिक्स कार्डाखालून जाते आणि तिथला गोंगाट उचलते.

तरीही किरकिर राहिली तर मॉनिटरची एचडीएमआय केबल क्षणभर काढा. गप्प झालं? मग ग्राउंड लूप आहे, म्हणजे उपकरणांचं ग्राउंड (अर्थ) एकाहून जास्त वाटांनी जोडलं जाऊन त्या वळशातून गोंगाट आवाजात शिरतोय. काँप्युटर, मॉनिटर, स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डावर घ्या. नाहीच जमलं तर स्पीकरच्या ऑडिओ केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर (हा वळसा तोडणारी छोटी डबी) टाका. अगदी स्वस्तातला घेतला तर बेस पातळ होतो. यूएसबी साउंड कार्डाने लूप तुटेलच असं नाही, कारण ग्राउंड यूएसबीतूनही जातं. ऑप्टिकल केबलमध्ये मात्र तांबंच नसतं, त्यामुळे तिच्यातून लूप होत नाही.

कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला बोट लावल्यावर मुंग्या येत असतील तर बाकी सगळं थांबवा, अर्थिंग नाही. इलेक्ट्रिशियनकडून सॉकेट मोजून घ्या: फेज-अर्थ साधारण २३० व्होल्ट, न्यूट्रल-अर्थ दोन-तीनच्या आत हवं. किरकिर घालवायला कुणी सुचवलं तरी प्लगची अर्थ पिन काढू नका. किरकिर जाईलही, पण बिघाड झाला तर करंट तुमच्या अंगातून जाईल.