मदत हवी आहे: प्लेराइटमध्ये रेकॉर्ड केलेली स्क्रिप्ट महिना बदलला की फेल होते

नमस्कार मंडळी,

अपॉइंटमेंट बुकिंगच्या एका वेब ॲपचं रिग्रेशन टेस्टिंग (बदलांनंतर जुनं काही बिघडलं नाही ना, याची तपासणी) आमच्याकडे आहे. टीममधले मॅन्युअल टेस्टर प्लेराइट या ब्राउझर-टेस्टिंग टूलच्या कोडजेनने (क्लिक टिपून स्क्रिप्ट लिहिणाऱ्या रेकॉर्डरने) फ्लो रेकॉर्ड करतात. त्या स्क्रिप्ट रोज रात्री २ वाजता सीआयवर (टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर) चालतात. सकाळी रिझल्ट बघणं आणि नवीन स्क्रिप्ट रिव्ह्यू करणं माझ्याकडे असतं.

एक स्क्रिप्ट महिनाभर व्यवस्थित पास होत होती आणि १ तारखेपासून रोज फेल होते आहे. फ्लो साधा आहे: कॅलेंडर उघडा, पुढच्या महिन्यावर जा, २८ तारीख निवडा, स्लॉट घ्या, कन्फर्म करा. ट्रेस व्ह्यूअरमध्ये (रनची प्रत्येक स्टेप नंतर दाखवणाऱ्या टूलमध्ये) पाहिलं तर २८ वर क्लिक करण्याच्या स्टेपला ३० सेकंद अडकून टाइमआउट होतो. स्नॅपशॉटमध्ये कॅलेंडर नीट उघडलेलं आहे, २८ समोर दिसते आहे, कन्सोलमध्ये एरर नाही. रेकॉर्ड झालेल्या ओळीत लोकेटरच्या (पानावरचा एलिमेंट शोधणाऱ्या कोडच्या) शेवटी 'एनटीएच(१)' आहे. तो काढून टाकू का, की सगळं पुन्हा रेकॉर्ड करू?

दुसरी गोष्ट मला जास्त सतावते आहे. कन्फर्मच्या रिक्वेस्टला मी मुद्दाम ५०० चा (सर्व्हर एररचा) रिस्पॉन्स दिला. स्क्रीनवर लाल पट्टीत 'बुकिंग झाले नाही' असं आलं, तरीही टेस्ट पास! प्लेबॅक हिरवा आला की टीममध्ये स्क्रिप्ट मंजूर होते. तुमच्याकडे रिव्ह्यूत नेमकं काय बघतात? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद १

पुन्हा रेकॉर्ड करू नका, पुढच्या एखाद्या महिन्यात तेच होईल. मोजणी शून्यापासून असते, त्यामुळे एनटीएच(१) म्हणजे सापडलेल्यांतला दुसरा. रेकॉर्डिंगच्या वेळी कॅलेंडरच्या पहिल्या ओळीत मागच्या महिन्याची २८ फिकट रंगात दिसत असणार. आता उघडणाऱ्या महिन्यात २८ एकदाच आहे, म्हणून प्लेराइट दुसऱ्या २८ ची वाट बघत बसतो. नुसता एनटीएच काढलात तर दोन २८ असलेल्या महिन्यात स्ट्रिक्ट मोडची (एकाऐवजी अनेक एलिमेंट सापडल्याची) एरर येईल. तारखेच्या सेलला पूर्ण तारखेचं एरिया-लेबल (aria-label, स्क्रीन रीडरसाठीचं नाव) आहे का बघा. नसेल तर डेव्हलपरकडून टेस्ट आयडी (टेस्टसाठी एलिमेंटला दिलेली खास ओळख) मागून घ्या.

शिवाय आपल्याकडचे रात्री २ म्हणजे यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) आदल्या दिवशीचे रात्रीचे ८:३०. सीआयचं मशीन यूटीसीवर असेल तर १ तारखेच्या रनमध्ये ब्राउझरला जुनाच महिना चालू वाटतो, आणि 'पुढचा महिना' चुकतो. कॉन्फिगमध्ये टाइमझोन आयडी 'एशिया/कोलकाता' ठेवा. प्लेराइटच्या १.४५ आवृत्तीपासून क्लॉक एपीआय आहे, त्याने ब्राउझरची तारीख गोठवता येते.

प्रतिसाद २

तुमचा ५०० वाला प्रयोग हाच उत्तम रिव्ह्यू आहे, तो प्रत्येक स्क्रिप्टला लावा. कोडजेन तुमचे क्लिक आणि टायपिंग टिपतो. काय दिसायला हवं हे आपण सांगितल्याशिवाय त्याला कळत नाही. रेकॉर्डिंगच्या टूलबारवरच असर्शनची (अपेक्षित निकाल तपासण्याची) बटणं आहेत: एलिमेंट दिसतो का, मजकूर काय, व्हॅल्यू काय. कन्फर्मनंतर बुकिंगची तारीख आणि स्लॉट दोन्हींवर असर्शन हवंच. ते नसेल तर मी स्क्रिप्ट सरळ परत पाठवतो, प्लेबॅक कितीही हिरवा असला तरी.

आणि लॉगिनची ओळ बघा. रेकॉर्डिंगमध्ये पासवर्ड जसाच्या तसा उतरतो आणि तसाच गिटमध्ये (टीमच्या सामायिक कोडसाठ्यात) जातो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार! रेकॉर्डिंगच्या महिन्याचं कॅलेंडर उघडून पाहिलं, पहिल्या ओळीत फिकट २८ आहे. सेलला एरिया-लेबल मात्र नाही, टेस्ट आयडीसाठी तिकीट टाकलं आहे. एक शंका उरते: क्लॉकने ब्राउझरची तारीख गोठवली तरी सर्व्हर खरी तारीखच धरणार ना? मग स्लॉटचा रिस्पॉन्सही मॉक करावा (खऱ्याऐवजी बनावट द्यावा) लागेल का?