मांजराची जुनाट सर्दी: आता भूल देऊन सीटी स्कॅन करावा का?

नमस्कार. आमची चिंगी आठ वर्षांची, कायम घरातच राहणारी मांजर आहे. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती डोळे चिकटलेल्या अवस्थेत सापडली, तेव्हापासून शिंकतेच. पिल्लूपणी झालेल्या हर्पिस विषाणूच्या संसर्गाने नाकातील पातळ हाडांची कायमची हानी होऊ शकते, त्यामुळे ही सर्दी पूर्ण न जाता केवळ आटोक्यात राहील, हे आम्ही केव्हाच मान्य केले होते.

गेल्या दोन महिन्यांत मात्र लक्षणे बदलली आहेत. पूर्वी दोन्ही नाकपुड्यांतून पातळ पाणी येई. आता फक्त डावीकडून घट्ट, पिवळट शेंबूड येतो आणि परवा ती शिंकली तेव्हा खिडकीच्या पांढऱ्या कट्ट्यावर रक्ताचे बारीक ठिपके उडाले. सुक्या बोंबलाचा डबा उघडताच धावत येणारी ही बाई आता बोंबील नाकाशी धरला तरी ढिम्म असते. उकडलेले चिकन कोमट करून दिले तर थोडे खाते, तरीही वजन 4.1 किलोवरून 3.6 वर आले आहे.

डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचे दोन कोर्स झाले. (गोळीनंतर सिरिंजने पाणी पाजतो, कारण ती अन्ननलिकेत अडकल्यास जखम होते.) दोन्ही वेळा आठवडाभर उतार पडला आणि पुन्हा ये रे माझ्या मागल्या. आमचे डॉक्टर आता नाकातील स्रावाचे कल्चर (त्यातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) करून तिसरा कोर्स देऊ म्हणतात. परंतु निरोगी मांजराच्या नाकातही जंतू असतातच, मग त्यावरून मूळ कारण कितपत कळणार? एकाच बाजूने रक्तमिश्रित स्राव येत असताना लिम्फोमासारखी (एक प्रकारचा कर्करोग) गाठ, दाताच्या मुळाशी झालेला पू किंवा बुरशी यांचा विचार आधी व्हावा, असे मला वाटते. छज्ज्यावर कबुतरांचा राबता असल्याने क्रिप्टोकॉकसची (कबुतरांच्या विष्ठेत आढळणारी बुरशी) शंकाही जात नाही.

क्रिप्टोकॉकसची अँटिजेन तपासणी (बुरशीचे अंश शोधणारी) रक्तावर, भूल न देता होते. ती आणि रक्तदाब व रक्त गोठण्याची तपासणी आधी उरकून, मग एकाच भुलीत सीटी स्कॅन, दुर्बिणीने तपासणी आणि बायोप्सी करून घ्यावी का? या वयात कोणी ते केले असल्यास मांजर किती दिवसांत खाऊ लागले? मुंबईत हे सर्व एकाच ठिकाणी होते, की परळला एक आणि दुसरीकडे दुसरे, असे फिरावे लागते?

तूर्त साध्या सलाइनचे नेब्युलायझेशन (यंत्राने केलेले बारीक तुषार हुंगवणे) दिवसातून दोनदा देतो. कापूर-निलगिरीची वाफ सुचवू नये, ही विनंती; मांजरांना ती विषारी ठरू शकते.