एसएनसीयूत सहा वर्षं झाली, मुलांसाठी नर्स प्रॅक्टिशनर होता येईल का?

प्रश्न:
बी.एस्सी. नर्सिंग करून जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या कक्षात आहे. परवा रात्री १४०० ग्रॅमचं बाळ एकदम मलूल पडलं, पोट फुगलेलं. डॉक्टर दुसरीकडे सिझेरियनच्या बाळापाशी अडकले होते. फीड थांबवलं, साखर तपासली, पण पुढची ऑर्डर यायला पाऊण तास गेला. बाळ आता बरं आहे. पण तो पाऊण तास डोक्यातून जात नाही. अमेरिकेत नर्स प्रॅक्टिशनर झालेली परिचारिका स्वतः तपासून औषध लिहिते म्हणतात. आपल्याकडे असं काही शिकता येतं का? की एम.एस्सी. करू?

उत्तर १ (नर्सिंग कॉलेजातली ट्यूटर):
एम.एस्सी. चाइल्ड हेल्थ दोन वर्षांचं. ज्ञान वाढतं, पण माझ्या बॅचच्या बऱ्याच जणी शिकवण्याकडे वळल्या, मीही. त्याने औषध लिहिण्याचा अधिकार मिळत नाही. इंडियन नर्सिंग कौन्सिलचे नर्स प्रॅक्टिशनर कोर्स आहेत, पण ते क्रिटिकल केअर (अतिदक्षता), प्रसूती अशा विषयांचे, खास मुलांचे नाहीत. बाळांपाशीच राहायचं असेल तर निओनेटल नर्सिंगचा एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा बघा.

उत्तर २ (मूळची मिरजेची, सध्या अमेरिकेत):
ताई, मी इथे पेडिॲट्रिक नर्स प्रॅक्टिशनर आहे. हा पेशा १९६५ साली कोलोरॅडो विद्यापीठात सुरू झाला. लोरेटा फोर्ड या परिचारिका आणि हेन्री सिल्व्हर हे बालरोगतज्ज्ञ, दोघांनी मिळून तो उभा केला. फोर्ड खेड्यापाड्यांत काम केलेल्या. डॉक्टर पोचत नाहीत तिथल्या मुलांचं काय, हाच त्यांचा प्रश्न होता. तुमचा पाऊण तास तोच आहे.

माझं काम क्लिनिकमधलं. जन्मानंतर तीन-चार दिवसांनी बाळ येतं. कावीळ बघते, वजन किती उतरलं बघते, आई पाजताना शेजारी बसते. नंतर लसी, कानदुखी, दमा. दीड वर्षाला स्वमग्नतेची प्रश्नावली. अमॉक्सिसिलिनचा डोस वजनावरून काढून मीच लिहिते, आणि त्याची जबाबदारी माझी. पहिल्या वर्षी घरी आल्यावरही रात्री हिशेब पुन्हा मांडून बघायची.

पण तुमचा हात नवजात बाळांवर बसलाय. इथे त्यासाठी निओनेटल नर्स प्रॅक्टिशनर ही वेगळीच शाखा आहे, आणि पेडिॲट्रिकमध्येही प्रायमरी (नेहमीची तपासणी-उपचार) आणि ॲक्यूट केअरच्या (गंभीर आजारी मुलांच्या) परीक्षा वेगळ्या. मला हे उशिरा कळलं. आधी एनक्लेक्स ही इथली नर्सिंगची परीक्षा, मग राज्याचं लायसन्स, मग वॉर्डात साधी नर्स म्हणून काम, त्यानंतर मास्टर्स किंवा डॉक्टरेट. मला नऊ वर्षं लागली. शिवाय काही राज्यांत डॉक्टरांशी करार लागतो, काहींत लागत नाही.

तुमच्या युनिटला मात्र एवढी वर्षं थांबायला नको. बालरोगतज्ज्ञांकडून रात्रीसाठी लेखी स्टँडिंग ऑर्डर, म्हणजे डॉक्टर येईपर्यंत काय करायचं याच्या आधीच दिलेल्या सूचना मागा: श्वास थांबला तर काय, साखर ४५ च्या खाली गेली तर १० टक्के डेक्स्ट्रोज किती मिली, पोट फुगलं तर फीड बंद करून आणखी काय, दुसरा फोन कुणाला. वर सही आणि तारीख हवीच.

प्रश्नकर्ती:
ट्यूटर मॅडम, ताई, दोघींचे मनापासून आभार. डिप्लोमाची चौकशी सुरू केली. ऑर्डरचा कागद कच्चा लिहून काढलाय, सोमवारी राउंडनंतर सरांपुढे ठेवते. पोट फुगण्याच्या मुद्द्यावर अडलेय. इथे टाकला तर बघाल का, ताई?

उत्तर २:
टाका. आज रात्रीच बघते.