परदेशात राहताय की नुसते फिरताय?

नेकारकाठ: जर्मनीत, श्टुटगार्टमध्ये चौथं वर्ष. पहिली दोन वर्षं शुक्रवारी पाठीला लागलेली सॅक रविवारी रात्रीच उतरायची. अकरा देश झाले. मग एकदा प्रागहून परतलो तर दारावर लटकत असलेली पाटी दिसली: केरवोख. (शब्दातला केर अगदी आपल्यासारखाच!) इकडच्या श्वाबेन लोकांची ही जुनी रीत. पाटी ज्याच्या दारावर, त्याने त्या आठवड्यात जिना झाडून पुसायचा. माझी पाळी वरच्या मजल्यावरच्या आजींनी निभावली होती. रागावल्या नाहीत, मला बादलीपाशी उभं करून फडकं कसं पिळायचं ते दाखवलं. दोन वर्षांत त्यांच्याशी धड बोललो ते तेव्हा. माझं मत स्पष्ट आहे: विकेंडला देश गोळा करणाऱ्याने 'परदेशात राहिलो' म्हणू नये.

उंडगा: साफ अमान्य. जिना मी चिंचवडलाही पुसू शकतो. माझं प्रोजेक्ट दीड वर्षाचं, नंतर हा योग कधी? जर्मनीभर लोकल गाड्यांना चालणारं डॉइचलँड तिकीट मे २०२३ मध्ये महिना ४९ युरोंना निघालं, जानेवारी २०२५ मध्ये ५८ झालं. त्यावर आयसीई ही वेगवान गाडी चालत नाही, लोकल गाड्या बदलत जायचं. तसाच कार्ल्सरूहवरून सीमेवरच्या केल गावी गेलो. तिथून वेगळं तिकीट काढून ट्राममध्ये बसलो, ती ऱ्हाइन नदी ओलांडून थेट फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला. अलीकडे 'हालो', पलीकडे 'बाँजूर'. सीमा म्हटलं की काटेरी कुंपण आठवणारा माणूस मी. पुलावर अक्षरशः गप्प झालो. हे नुसतं फिरणं?

नेकारकाठ: पुलावर गप्प झालास, पटलं. पण तुझ्या शेजाऱ्याचं नाव सांग बघू.

उंडगा: बेलवर लिहिलंय. उच्चार येत नाही. 😄

दुधीहलवा: दोघेही नोकरीवाले, म्हणून हा वाद परवडतो. मी नवऱ्याच्या व्हिसावर आले. पहिल्याच रविवारी काचेच्या बाटल्या टाकायला कंटेनरपाशी गेले, तर एका काकांनी हटकलं: आज आवाज करायचा नाही. क्लासमध्ये पुस्तकी जर्मन शिकावं, तर बेकरीतली बाई प्रत्येक शब्दाला इथल्या बोलीतलं लाडाचं 'ले' लावून बोलणार. गाव ओळखा म्हणणं सोपं आहे हो, गावाने आपल्याला ओळखायला नको? उल्मला मैत्रीण होती म्हणून तगले. दर बुधवारी गाडीने तिच्याकडे, पोहे खाऊन परत. त्या गाडीला कोणी पर्यटन म्हटलेलं मला चालणार नाही.

नेकारकाठ: दुधीहलवा, तुमचं बरोबर. मला आजी आयत्या भेटल्या, हे लिहायला हवं होतं. पण उंडग्याला सूट नाही.

उंडगा: नको देऊ. शनिवारी कोलमारला निघतोय, येतोस?

नेकारकाठ: पाटी माझ्या दारावर आहे.

उंडगा: मग शुक्रवारी रात्री पूस की!

नेकारकाठ: रात्री दहानंतर बादली आपटली तर आजी खाली येतील.

दुधीहलवा: आठला सुरू करा. आणि कोलमारला जागा असेल तर मी येते.